ना रुग्ण, ना गिऱ्हाईक

सप्टेंबर २०२० मधल्या एका सकाळी पुण्यातील एका रक्तपेढीच्या काउंटरवर, माझ्या मागे चार अनोळखी पुरुष रांगेत उभे असताना, मुखपट्टी आणि प्लास्टिकच्या ढालीआडून एका कर्मचाऱ्याने मला विचारले, "मॅडम, प्रेग्नन्सी कधी झाली होती? अ‍ॅबॉर्शन वगैरे?" तोंडावर दोन आवरणे असल्यामुळे त्याला ओरडून बोलावे लागत होते, आणि मलाही उत्तर ओरडूनच द्यावे लागले. मी "नाही" म्हटले. "लग्नाला किती वर्षे झाली?" "अकरा." त्याने पेन थांबवले आणि माझ्याकडे नीट पाहून विचारले, "अकरा वर्षांत एकदाही नाही?"

मागच्या रांगेतील कोणीतरी उगाच खाकरले. मी दुसऱ्यांदा "नाही" म्हटले, त्याने अर्जावर फुली मारली आणि मला वजनकाट्याकडे पाठवले, तिथे ५८ हा आकडाही त्याच पट्टीत जाहीर झाला. जुलैमध्ये मला कोविड होऊन गेला होता, बरे होऊन अठ्ठावीस दिवसांहून अधिक काळ लोटला होता आणि कोथरूडमधील एका ओळखीच्या कुटुंबाने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला "बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा" हा निरोप वाचून मी तिथे गेले होते. प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव भाग. बरे झालेल्या माणसाच्या प्लाझ्मात विषाणूशी लढणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटीबॉडी, असतात आणि ती आजाऱ्याच्या कामी येतील अशी तेव्हा आशा होती. एवढ्यावर घरी परत जावे असे मनात येऊन गेले. गेले नाही, कारण ज्यांच्यासाठी आले होते त्या माणसाचा मुलगा बाहेर पार्किंगमध्ये उभा होता.

आता इतक्या वर्षांनंतर सांगावेसे वाटते ते हे, की तो प्रश्न विचारणे शंभर टक्के योग्य होते. गरोदरपणात बाळाच्या पेशींवरील, वडिलांकडून आलेल्या काही घटकांविरुद्ध आईच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. ती तिला स्वतःला काही करत नाहीत, परंतु तिचा प्लाझ्मा दुसऱ्याला चढवला, तर त्या रुग्णाच्या पांढऱ्या पेशींवर ती हल्ला चढवू शकतात आणि काही तासांत त्याच्या फुप्फुसांत पाणी भरू शकते. ज्याची फुप्फुसे आधीच कोविडने पोखरली आहेत त्याच्या बाबतीत हा धोका कोणी पत्करणार नाही. म्हणूनच एकदा जरी गर्भ राहिलेला असेल, मग तो पुढे टिकलेला असो वा नसो, तर त्या स्त्रीचा प्लाझ्मा तेव्हा घेतला जात नसे. यातले अक्षरही मला त्या दिवशी काउंटरवर कोणी सांगितले नाही. मला वाटले, समोरचा माणूस भोचकपणा करतो आहे.

हे मला कळले ते तीन आठवड्यांनी, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या रक्तपेढीत दुसऱ्यांदा प्लाझ्मा द्यायला गेले तेव्हा. तिथल्या पन्नाशीच्या सिस्टरने मला आत एका खोलीत नेले, दार लोटून घेतले, स्वतः आधी खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, एक खासगी प्रश्न विचारायचा आहे, पण आधी का विचारते ते सांगते." तिने वर लिहिले आहे ते सगळे साध्या मराठीत दोन मिनिटांत सांगितले, मग प्रश्न विचारला, आणि माझ्या "नाही"वर तिने "बरं" एवढेच म्हटले. अर्ज तोच, प्रश्न तोच, नियमही तोच. पहिल्या ठिकाणाहून मी अपमान घेऊन बाहेर पडले होते आणि दुसऱ्या ठिकाणाहून थोडे ज्ञान घेऊन. यासाठी त्या सिस्टरला लागलेले जादा साहित्य म्हणजे एक दार आणि दोन मिनिटे.

ज्यांनी हे कधी केलेले नाही त्यांच्यासाठी प्रत्यक्ष प्रक्रियेविषयी थोडे सांगते. नेहमीच्या रक्तदानात पिशवी भरली की दहा-पंधरा मिनिटांत माणूस मोकळा होतो. इथे मात्र हाताच्या शिरेतून काढलेले रक्त यंत्रात जाते, तिथे ते गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे केले जातात, हवा तो घटक पिशवीत ठेवला जातो आणि उरलेले रक्त पुन्हा आपल्याच शिरेत सोडले जाते. असे काही फेरे होतात. प्लाझ्मा असेल तर पाऊण-एक तास लागतो, प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी, असतील तर त्याहून अधिक. परत येणारे रक्त किंचित गार असते, त्यामुळे दंडात थंडावा चढत गेल्यासारखा वाटतो. रक्त गोठू नये म्हणून यंत्रात जे सायट्रेट मिसळतात ते रक्तातील कॅल्शियमला धरून ठेवते, म्हणून ओठांना आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. कॅल्शियमची गोळी चघळली की त्या बहुधा थांबतात. पिशवीत जमा होणारा प्लाझ्मा ताकावर आलेल्या निवळीसारखा दिसतो, फिकट पिवळा, थोडीशी हिरवट झाक असलेला. आपल्या तांबड्या रक्ताच्या पोटात हा रंग दडलेला असेल असे आधी कधी वाटलेच नव्हते.

त्या वर्षी आम्हा दात्यांचे भलतेच कौतुक झाले. २९ जून २०२० रोजी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात प्लाझ्मा उपचारांच्या 'प्लॅटिना' प्रकल्पाचा प्रारंभ केला होता आणि बरे झालेल्या रुग्णांनी पुढे यावे असे आवाहन सगळीकडून सुरू होते. मला रोज सात-आठ फोन येत. काही रक्तपेढ्या न्यायला गाडी पाठवत, प्रमाणपत्र देत, फोटो काढत, आणि अनोळखी नातेवाईक फोनवर रडत असत. कोणी 'देवदूत' म्हणे तेव्हा मला संकोच वाटे, पण खोटे कशाला बोलू, बरेही वाटे.

मग ते फोन थांबले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर घेतलेल्या चाचणीचा निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला, म्हणजे मी दुसऱ्यांदा प्लाझ्मा दिला त्याच्याच आसपास. प्लाझ्मा दिल्याने ना आजार गंभीर होण्याचे प्रमाण घटले, ना मृत्यूंचे. तरीही मागणी पुढच्या लाटेपर्यंत चालूच राहिली आणि अखेर मे २०२१ मध्ये देशाच्या उपचार-मार्गदर्शिकेतून प्लाझ्मा वगळण्यात आला. विज्ञान असेच चालते, करून पाहावे आणि नाही जमले तर सोडून द्यावे, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की ज्या रक्तपेढ्यांकडे माझा क्रमांक इतका पाठ होता की त्या मला रात्री दहालाही फोन करत, त्यांपैकी एकीनेही "ताई, आता हे थांबले आहे, कारण असे असे" एवढा संदेश धाडला नाही. मला ती बातमी वर्तमानपत्रातून कळली. ज्या वडिलांसाठी मी पहिल्यांदा गेले होते ते वाचले नव्हते, आणि त्यांच्या मुलाला ही बातमी वाचून काय वाटले असेल याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत बसले होते.

तिथून मी प्लेटलेटकडे वळले. पुण्यात पावसाळा सरता सरता डेंग्यू वाढतो, आणि कर्करोगाच्या रुग्णांना तर त्या बाराही महिने लागतात. प्लेटलेट जेमतेम पाच दिवस टिकतात, त्यामुळे साठा करून ठेवणे शक्य नसते. नियमानुसार दात्याच्या रक्तात त्या किमान दीड लाख असाव्या लागतात, हिमोग्लोबिन साडेबारा असावे लागते, गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेले चालत नाही, दोन वेळांत निदान अठ्ठेचाळीस तासांचे अंतर हवे आणि वर्षात चोवीसहून अधिक वेळा देता येत नाहीत. मी वर्षातून चार-पाच वेळा जाते. म्हणजे चार-पाच वेळा रक्तपेढीतल्या त्या लांबट खोलीत दोन-तीन तास बसून माणसे पाहते.

आणि हे दोन-तीन तास हीच खरी गोष्ट आहे, कारण फोनवर कोणीही ते सांगत नाही. "तासाभराचं काम आहे मॅडम" असे सांगितले जाते. तास लागतो तो यंत्रावर. त्याआधी अर्ज, तपासणी, नमुना, आणि मग त्या नमुन्यावर प्लेटलेटची मोजणी व एचआयव्ही, कावीळ, मलेरिया, गुप्तरोग यांच्या चाचण्या होईपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबणे, हे सगळे आलेच. हा वेळ टाळता येण्यासारखा नाही, हे मला मान्य आहे. परंतु अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेल्या माणसाला "तीन तास धरून या" असे आधी सांगितले, तर तो तीन तास शांतपणे बसतो, आणि "एक तास" सांगितले तर सत्तराव्या मिनिटाला काउंटरवर जाऊन भांडतो. त्या भांडणात शिव्या खातो तो काउंटरवरचा मुलगा, ज्याने तो फोन केलेलाच नसतो.

एकदा माझ्या शेजारी हडपसरहून आलेले एक गृहस्थ बसले होते. फोनवर त्यांना "उपाशी येऊ नका, पोटभर खाऊन या" असे सांगितले होते, आणि तो सल्ला त्यांनी मनापासून पाळला होता. वाटेत तर्रीदार मिसळ, दोन जादा पाव आणि वर खरवस. दीड तासाने तंत्रज्ञ बाहेर आला आणि म्हणाला, "काका, तुमचा प्लाझ्मा दुधासारखा पांढरा आलाय, आज घेता येणार नाही." तेलातुपाचे खाल्ल्यावर काही तास तसे होते. पोहे, उपमा, पोळी-भाजी, काहीही चालले असते. काकांनी शांतपणे विचारले, "मग फोनवर 'पोटभर' म्हणालात, त्याऐवजी 'हलकं' म्हणायला किती पैसे लागतात?" तंत्रज्ञाकडे उत्तर नव्हते. माझ्या आठवणीत रक्तपेढीतल्या कारभारावर इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही.

माझी स्वतःची अशीच एक तक्रार शिरेविषयी आहे. माझ्या शिरा बारीक आहेत. यंत्राची सुई जाड असते आणि ती तासभर शिरेत राहायची असते, त्यामुळे काही वेळा मला परत पाठवतात, तेही मला मान्य आहे. पण कोपरावर पट्टा बांधून शीर चाचपायला अर्धे मिनिट लागते, आणि हे अर्धे मिनिट कित्येक ठिकाणी सगळ्यात शेवटी ठेवलेले असते, नमुना देऊन, दोन तास बसून, चाचण्यांवर रक्तपेढीचे पैसे खर्च होऊन गेल्यावर. दोनदा मी अशी परत आले आहे. तिसऱ्या वेळी काउंटरवरच बाही वर केली आणि म्हटले, आधी शीर बघा, मग अर्ज देते. तिथल्या मुलीला हसू आले, पण तिने पाहिली.

मला वाटते, या सगळ्याच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. दवाखान्यातील माणसांना रुग्णाशी कसे वागायचे ते ठाऊक असते आणि दुकानातल्या माणसांना गिऱ्हाइकाशी. दाता या दोन्हींत बसत नाही. तो आजारी नाही, म्हणून त्याची कणव येत नाही. तो पैसे देत नाही, म्हणून त्याची भीती वाटत नाही. आपल्याकडे तो पैसे घेतही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यावर देशात बंदी आली, आणि ती आली ते फार चांगले झाले. त्याआधी पैशांसाठी रक्त देणाऱ्यांची काय अवस्था होती याच्या हकिकती माझ्या वडिलांच्या पिढीतल्या डॉक्टरांकडून मी ऐकलेल्या आहेत. पण त्यामुळे दाता हा एक असा पाहुणा झाला, की ज्याला चहा-बिस्किट द्यायचे एवढेच यजमानाला माहीत असते. कायद्याने २०२० मध्ये 'ब्लड बँके'चे 'ब्लड सेंटर' केले. रिक्षावाल्याला मात्र अजूनही ब्लड बँकच सांगावे लागते.

टेक्सासमध्ये वाढलेला माझा मामेभाऊ तिथे प्लाझ्मा देतो, पैसे घेऊन. तिकडे ते कायदेशीर आहे. दर सात दिवसांत दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, वजन किमान ११० पौंड हवे, आणि वजनाच्या वरच्या श्रेणीतल्या माणसाकडून एका वेळी ८८० मिलिलिटरपर्यंत घेतात, त्यात गोठणरोधक द्रावणही आले. तो प्लाझ्मा थेट कोणा रुग्णाला चढत नाही, तर कारखान्यात जाऊन त्यापासून इम्युनोग्लोब्युलिन, अल्ब्युमिन, रक्त गोठवणारे घटक अशी औषधे होतात. मोबदला एका कार्डावर जमा होतो. मला वाटले होते, पैशांचा व्यवहार आला म्हणजे वागणूक सुधारली असेल. त्याचे गाऱ्हाणे ऐकले तर ते माझेच होते, फक्त इंग्रजीत. एक तास सांगतात आणि अडीच लागतात, सुई टोचणारी मुले दर दोन महिन्यांनी बदलतात, पडद्यावरचे प्रश्न कोणी समजावून सांगत नाही. आणि एक गाऱ्हाणे माझ्याकडे नसलेले, की हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, थोडे कमी भरून नाकारले गेले तर त्या आठवड्याचा किराणा अडतो. ते ऐकून मी माझी तुलना आवरती घेतली.

आता सुईविषयी. तीन वर्षांपूर्वी एका ठिकाणी यंत्र सुरू झाल्यावर दुसऱ्याच फेऱ्यात माझ्या कोपराशी आग होऊ लागली आणि तिथे लिंबाएवढी सूज आली. सुई शिरेबाहेर सरकली होती आणि परत येणारे रक्त शिरेत न जाता मांसात साठत होते. मी तंत्रज्ञाला हाक मारली. तो आला, त्याने पाहिले, त्याला कळले हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसले, आणि तो म्हणाला, "काही नाही, होतं असं, हात हलवला असेल तुम्ही." मी हात हलवला नव्हता. त्याने यंत्र थांबवले, सुई काढली, पट्टी बांधली, आणि बर्फ लावा किंवा काय झाले आहे, यातले काहीही न सांगता तो निघून गेला. पुढचे बारा दिवस माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत आधी जांभळा, मग हिरवा, मग पिवळा होत राहिला आणि ऑफिसात प्रत्येकाला मी त्याचे कारण सांगत राहिले. शीर चुकणे हा अपघात आहे, तो कोणाच्याही हातून होतो. "तुम्ही हलवला असेल" हा अपघात नव्हता. त्या रक्तपेढीत मी पुन्हा गेले नाही.

मात्र त्या तंत्रज्ञाविषयीही थोडे लिहायला हवे, कारण त्या दिवशी तासभर मी त्याच्याकडे पाहत होते. त्याच्याकडे दोन यंत्रे होती. मधल्या काळात रक्ताच्या पिशव्या न्यायला आलेले नातेवाईक खिडकीवर थाप मारत होते, कारण खिडकीवरचा माणूस जेवायला गेला होता. टेबलावरचा फोन वाजत होता. यंत्राची शिट्टी वाजली की तो क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचे रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का याची तपासणी, अर्धवट सोडून धावत येई. त्याने दुपारचा डबा उघडून पुन्हा बंद केलेला मी पाहिला. रात्रपाळी करून तो तसाच पुढे थांबला होता, हे त्याच्या आणि वॉर्डबॉयच्या बोलण्यातून कळले. अशा अवस्थेत माणूस आधी स्वतःला वाचवतो. चूक कबूल केली तर लेखी खुलासा द्यावा लागेल, ही भीती त्याच्या मनात असणार. मला त्याचा राग आला होता आणि अजूनही थोडा आहे, परंतु त्या खोलीत दुसरा माणूस नेमणे ज्यांच्या हातात होते ते तर मला दिसलेसुद्धा नाहीत.

चांगली माणसे लक्षात राहतात ती अगदी लहान गोष्टींमुळे. दाराशी बसणाऱ्या मावशी खुर्ची पुसून देतात आणि पाय वर घेता येत नाहीत असे वाटले तर न विचारता स्टूल सरकवतात. एक डॉक्टर हिमोग्लोबिन बारा आले म्हणून मला नाकारताना "तुम्ही बाद" असे न म्हणता "आज ते तुम्हालाच लागणार आहे" असे म्हणाले आणि लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, हेही त्यांनी सांगितले. आणि ती पन्नाशीची सिस्टर. तिच्यासाठीच मी शहराच्या दुसऱ्या टोकाला जात राहिले. सुई टोचण्याआधी ती नेहमी म्हणे, "आता टोचते हं", आणि मगच टोचे.

गेल्या महिन्यात गेले तर ती निवृत्त झाली होती. तिच्या जागी एक नवी मुलगी होती, बाविशी-तेविशीची, नगरकडची असावी असे बोलण्यावरून वाटले. तिने दार लोटून घेतले आणि तो प्रश्न विचारला, आधी कारण सांगून, जवळजवळ सिस्टरच्याच शब्दांत. मग डाव्या हाताला पट्टा बांधला, बराच वेळ शीर चाचपली, "आता टोचते हं" म्हणाली आणि टोचले. नळीत रक्त आले आणि लगेच थांबले. तिने सुई किंचित आतबाहेर करून पाहिली नाही, ज्याची मला भीती वाटत होती. तिने हात थांबवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "मॅडम, माझी शीर चुकली. सॉरी. मी सुई काढते, बर्फ आणते आणि सरांना बोलावते. तुम्हाला आज पुरे वाटत असेल तर तसं सांगा."

तिचे कान लाल झाले होते. बर्फ येईपर्यंत मी कापूस दाबून बसले आणि सर आल्यावर उजवी बाही वर केली. सरांनी शीर पाहिली आणि सुई हातात घेतली, तेव्हा मी त्यांना म्हटले की चालणार असेल तर हिलाच टोचू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. त्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने पट्टा पुन्हा बांधला, या वेळी शीर शोधायला आधीपेक्षा दुप्पट वेळ घेतला, आणि ११ वाजून ४० मिनिटांनी यंत्र सुरू झाले.